पडद्यामागचा डोळा

विद्यार्थी मित्रांनो, चित्रपट सुरू होताना पडद्यावर नावे येऊ लागतात, ती तुम्ही नेहमीच पाहता. नायकाचे नाव येते, नायिकेचे येते, गीतकाराचे आणि संगीतकाराचे येते. त्याच ओघात एक नाव छायाचित्रणकाराचेही असते. त्यालाच आपण कॅमेरामन म्हणतो. पण ते नाव येईपर्यंत आपण शेजाऱ्याशी गप्पा मारू लागलेले असतो. ते कोणी वाचत नाही आणि वाचले तरी लक्षात ठेवत नाही. मात्र जरा विचार करा. पडद्यावर जे जे दिसते, ते आधी कॅमेरामनने पाहिलेले असते. तो जिथून पाहतो, तिथूनच आपल्याला पाहावे लागते. तो जेवढा उजेड ठेवतो, तेवढेच आपल्याला दिसते. सारा चित्रपट आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतो.

आज तुम्हांला अशाच एका माणसाची ओळख करून घ्यायची आहे. या माणसाचे नाव जेम्स वाँग हौ. अमेरिकेतील हॉलिवूड या चित्रनगरीत त्यांनी सुमारे पन्नास वर्षे काम केले आणि शंभराहून अधिक चित्रपटांचे छायाचित्रण केले. ज्या देशाच्या चित्रपटांना त्यांनी रूप दिले, त्या देशाने मात्र त्यांना किती तरी वर्षे आपले मानले नाही. असे का झाले आणि ते या साऱ्याला कसे सामोरे गेले, ते आता वाचा.

जेम्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९९ रोजी चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात झाला. घरचे नाव वाँग टुंग जिम. चिनी लोकांत आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, म्हणून वाँग हे त्यांचे आडनाव. वडील कामधंद्यासाठी अमेरिकेत गेले होते. त्या काळी अमेरिकेत लोहमार्ग टाकण्याच्या कामावर पुष्कळ चिनी मजूर होते. जिमचे वडीलही रेल्वेच्या कामावर होते. पुढे त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील पास्को या लहानशा गावात दुकान काढले आणि १९०४ साली पाच वर्षांच्या जिमला आपल्याकडे बोलावून घेतले.

नवा देश, नवी भाषा आणि नवे गाव! पास्कोमध्ये चिनी कुटुंबे अगदी थोडी होती. शाळेत जिमचा चेहरा इतरांपेक्षा वेगळा दिसे. मुले त्याला चिडवत आणि खेळात घेत नसत. त्याचे नावही तिथे नीट राहिले नाही. वडिलांचे नाव हौ होते. तेच आडनाव समजून शाळेत त्याला जिम हौ म्हणू लागले. स्वतःचे आडनाव असे हरवले, तर एखाद्या मुलाला काय वाटत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

जिम लहान असतानाच त्याने गावातल्या औषधांच्या दुकानातून एक साधा, पेटीसारखा कॅमेरा विकत घेतला. ब्राउनी या नावाचा तो स्वस्त कॅमेरा तेव्हा अमेरिकेत घराघरांत दिसे. पण त्या कॅमेऱ्यातून नेमके काय टिपले जाणार आहे, हे पाहण्याची सोय नव्हती. जिमने मोठ्या हौसेने आपल्या भावंडांचे फोटो काढले. फोटो धुऊन आले, तेव्हा त्यांत भावंडांची डोकीच नव्हती, असे सांगतात. पुढे जगाला चित्र कसे घ्यावे हे शिकवणाऱ्या माणसाची सुरुवात ही अशी झाली!

१९१४ साली वडील वारले. जिम तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता. आता पोटासाठी काहीतरी करणे भाग होते. तो अंगाने लहान, पण चपळ आणि काटक होता. काही काळ तो मुष्टियुद्धाचे सामने खेळला. ठोसे मारणे आणि ठोसे खाणे, दोन्ही तो शिकला. पण या धंद्यात आपला निभाव फार दिवस लागणार नाही, हे त्याच्या लक्षात आले. मग तो लॉस एंजेलिस शहरात आला. तिथे त्याने हॉटेलात उष्टी भांडी उचलली आणि एका छायाचित्रकाराकडे सामान पोहोचवणारा पोऱ्या म्हणूनही काम केले.

लॉस एंजेलिसमध्ये चिनी लोकांची एक वस्ती होती. एके दिवशी तिथल्या रस्त्यावर चित्रपटाचे चित्रीकरण चालले होते. जिम ते पाहत उभा राहिला. नटांच्या कोलांटउड्या पाहून लोक हसत होते. जिमचे लक्ष मात्र तीन पायांच्या घोडीवर ठेवलेल्या त्या मोठ्या कॅमेऱ्याकडे होते. आपणही असे काम करावे, असे त्याच्या मनाने घेतले. तो चित्रपट कंपनीत गेला आणि अल्विन वायकॉफ या नामवंत कॅमेरामनला भेटला. कॅमेऱ्याचे सामान फार जड असे आणि जिम तर ठेंगणा. तरीही त्याला तिथे कॅमेऱ्याच्या खोलीत झाडलोट आणि किरकोळ कामे करण्यासाठी ठेवून घेतले गेले.

मुलांनो, कोणतेही काम हलके नसते, हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. पण झाडू मारणारे सारेच हात काही कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. जिम पोहोचला, कारण झाडताना त्याचे डोळे उघडे होते. कोणती काच कशासाठी, फिल्म कशी भरायची, ती कशी धुवायची, हे सारे तो पाहत राहिला. एकदा सेटवर पाटी धरायला माणूस कमी पडला. प्रत्येक दृश्याच्या आधी त्याचा क्रमांक लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरावी लागते. जिमला बोलावले गेले. तोंडात भला मोठा चिरूट आणि हातात पाटी, असा तो बुटका चिनी तरुण पाहून दिग्दर्शक सेसिल डी मिल यांना हसू आवरेना. त्यांनी त्याला आपल्याकडेच ठेवून घेतले. अशा रीतीने जिम कॅमेरामनचा मदतनीस झाला.

पगार थोडा होता. जोड म्हणून जिम नटनट्यांचे साधे फोटो काढून देत असे. मेरी माइल्स मिंटर ही तेव्हाची एक प्रसिद्ध अभिनेत्री होती. तिचे डोळे फिकट निळे होते. त्या काळची फिल्म आजच्यासारखी नव्हती. तांबडा रंग तिच्यावर उमटतच नसे, म्हणून तो काळा दिसे. निळा रंग मात्र इतका उमटे, की तो पांढराफटक दिसे. त्यामुळे निळ्या डोळ्यांची माणसे पडद्यावर बुबुळे नसल्यासारखी भासत. मिंटरलाही हीच काळजी होती. पण जिमने काढलेल्या फोटोंत तिचे डोळे गडद आणि पाणीदार आले होते. ती आनंदली आणि असेच डोळे चित्रपटातही आणता येतील का, असे तिने विचारले.

जिमने होकार तर दिला, पण हे घडले कसे, ते त्याचे त्यालाच कळले नव्हते. तो फोटो काढल्या जागी परत गेला आणि शोध घेऊ लागला. मिंटर जिथे उभी होती, तिथून समोर पाहिले तर काळ्या मखमलीचा एक पडदा दिसत होता. त्या काळ्या पडद्याचे प्रतिबिंब तिच्या डोळ्यांत पडले होते, म्हणून डोळे गडद दिसले! मग जिमने काळ्या मखमलीची एक चौकट तयार केली. मधोमध एक भोक ठेवले आणि त्यातून कॅमेऱ्याने चित्रीकरण केले. तेव्हापासून तो स्वतंत्र कॅमेरामन झाला. त्याने मिंटरसाठी चित्रित केलेला ‘ड्रम्स ऑफ फेट’ हा चित्रपट १९२३ साली प्रदर्शित झाला.

हॉलिवूडमध्ये बातमी पसरली. मिंटरने खास चीनमधून एक कॅमेरामन आणला आहे आणि तो काळ्या पडद्याआड लपून जादू करतो, असे लोक बोलू लागले. फिकट डोळ्यांच्या नटनट्या जिमला शोधत येऊ लागल्या. यात जादू कसली होती? योगायोग तर सर्वांनाच भेटतो. पण भेटलेला योगायोग मागे फिरून तपासावा लागतो. जिमने तो तपासला, म्हणून तो पुन्हा घडवून आणता आला.

यापुढे आपण जिमला जेम्स हौ म्हणू या, कारण आता ते नावारूपाला आले होते. पण याच सुमारास त्यांच्यावर एक संकट आले. १९२८ साली ते एका चित्रपटासाठी दृश्ये टिपायला चीनला गेले. परत येऊन पाहतात तो काय, हॉलिवूड बदलून गेले होते! मूकपट मागे पडले होते आणि बोलपट आले होते. बोलपटांचा अनुभव नाही, म्हणून कोणी त्यांना काम देईना. काल ज्यांच्यासाठी रांग लागत होती, ते आज दारोदार फिरू लागले. त्यांनी स्वतः पैसे घालून एक लहानसा चित्रपटही काढला, पण तो चालला नाही. शेवटी दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी त्यांना संधी दिली आणि पाठोपाठ १९३१ साली ‘ट्रान्सअटलांटिक’ हा चित्रपट आला.

या चित्रपटाची कथा एका मोठ्या प्रवासी जहाजावर घडते. जहाज म्हणजे अरुंद बोळ, लोखंडी जिने आणि डोक्यावर ठेंगणे छत. त्या काळी सेटला सहसा छत नसे, कारण दिवे वरून लावायचे असत. या चित्रपटात मात्र सेटला छत होते. हौ यांनी विस्तृत भाग टिपणाऱ्या भिंगाचा उपयोग केला. त्यामुळे जवळची वस्तू आणि दूरची वस्तू दोन्ही स्पष्ट दिसल्या. एरवी जवळचा माणूस स्पष्ट असला, तर मागचे सारे धूसर होते. इथे बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रेक्षकाची नजर फिरू लागली. पुढे १९४१ साली ‘सिटिझन केन’ या चित्रपटात ग्रेग टोलंड या कॅमेरामनने हीच रीत फार वरच्या पायरीवर नेली आणि ती जगभर गाजली. हौ यांनी तिचा वापर त्याच्या दहा वर्षे आधी केला होता.

हौ यांना भगभगीत उजेड आवडत नसे. हॉलिवूडची तेव्हाची पद्धत अशी होती, की दिवे भरपूर लावायचे आणि नटाचा चेहरा चकचकीत दाखवायचा. हौ वेगळा विचार करत. दृश्यात खिडकी असेल, तर उजेड खिडकीतून यावा. मेज असेल आणि मेजावर दिवा असेल, तर दिव्याजवळ उजेड आणि कोपऱ्यात अंधार असावा. आपल्या घरात रात्री तसेच दिसते, नाही का? उजेड कुठून आला, हे प्रेक्षकाला न सांगताही पटले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. कमी उजेडात काम करण्याच्या या सवयीवरून सहकाऱ्यांनी त्यांना एक टोपणनावही दिले होते.

मित्रांनो, पडद्यावर असे यश मिळत असताना त्यांच्या आयुष्यात काय चालले होते, तेही तुम्हांला माहीत हवे. १८८२ साली अमेरिकेने एक कायदा केला होता. त्या कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी केली आणि चिनी माणसाला अमेरिकेचा नागरिक होण्याचा मार्गही बंद केला. हौ पाच वर्षांचे असल्यापासून अमेरिकेत राहत होते. शाळा तिथलीच, भाषा तिथलीच आणि कामही तिथलेच. तरी कायद्याच्या दृष्टीने ते परकेच होते.

१९३७ साली त्यांनी सॅनोरा बॅब या अमेरिकन लेखिकेशी पॅरिसमध्ये लग्न केले. पॅरिसमध्ये का? कारण ते राहत होते त्या कॅलिफोर्निया राज्यात गोऱ्या आणि चिनी माणसांचा विवाह कायद्याला मान्य नव्हता. परत आल्यावरही त्यांना पतिपत्नी म्हणून उघडपणे राहता येत नव्हते. ते एकाच इमारतीत, पण वेगवेगळ्या घरांत राहत. राज्याच्या न्यायालयाने १९४८ साली हा कायदा रद्द ठरवला. त्यानंतर १९४९ मध्ये त्या दोघांनी कॅलिफोर्नियात पुन्हा विवाह केला. स्वतःच्याच पत्नीशी दुसऱ्यांदा लग्न लावण्यासाठी त्यांना बारा वर्षे थांबावे लागले.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले. जपानने १९४१ साली अमेरिकेच्या नौदलाच्या तळावर हल्ला केला. तेव्हा अमेरिकेत जपानी माणसांविरुद्ध मोठा संताप पसरला. रस्त्यावरच्या माणसाला जपानी कोण आणि चिनी कोण, हे कुठे कळणार? म्हणून हौ आपण चिनी असल्याचे सांगणारा बिल्ला कोटावर लावून कामावर जात. चेहऱ्यांवर उजेड टाकून त्यांचे सौंदर्य जगाला दाखवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या चेहऱ्याचा असा खुलासा करावा लागला! १९४३ साली तो जुना कायदा रद्द झाला आणि त्यांच्यासाठी नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. तोपर्यंत त्यांना अमेरिकेत येऊन जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती.

त्यांच्याविषयी एक गमतीदार हकिगतही सांगतात. हौ यांनी लॉस एंजेलिसमध्ये एक चिनी उपाहारगृह काढले होते. त्याचा फोटो काढायला एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार आला. तो कॅमेरा घेऊन रस्त्यात उभा होता. पूर्ण दर्शनी भाग फोटोत यावा म्हणून तो मागे मागे सरकत रहदारीत जाऊ लागला. हौ यांनी त्याला विस्तृत भाग टिपणारे भिंग लावायला सुचवले. छायाचित्रकार चिडला. फोटोचे आपण पाहून घेऊ, मालकाने आपल्या शेवयांकडे लक्ष द्यावे, असे त्याने सुनावले. आपण कोणाला शिकवतो आहोत, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होते?

तरुणपणी खेळलेले मुष्टियुद्ध हौ यांना एकदा चांगलेच उपयोगी पडले. १९४७ साली ‘बॉडी अँड सोल’ हा मुष्टियोद्ध्याच्या जीवनावरचा चित्रपट आला. तोपर्यंत असे सामने रिंगणाबाहेर कॅमेरा ठेवून दुरून टिपले जात. पण ठोसा खाणाऱ्याला काय दिसते, हे हौ यांना स्वानुभवाने माहीत होते. ते हातात लहान कॅमेरा घेऊन, पायांत चाकांचे बूट घालून थेट रिंगणात उतरले. मदतनीस त्यांना ढकलत होता आणि ते लढणाऱ्यांभोवती गरगर फिरत होते. चित्र हलले, डोलले, तोल गेल्यासारखे झाले. प्रेक्षकांना जणू आपणच रिंगणात उभे आहोत असे वाटले. पुढे मुष्टियुद्धावर निघालेल्या चित्रपटांनी या रीतीपासून बरेच घेतले. हौ यांचे वय तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस होते.

यानंतर त्यांचा मोठा सन्मान झाला. ऑस्कर हे चित्रपटांचे फार मानाचे पारितोषिक आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्यासाठी हौ यांचे नाव एकूण दहा वेळा सुचवले गेले. ‘द रोज टॅटू’ या १९५५ सालच्या आणि ‘हड’ या १९६३ सालच्या चित्रपटासाठी त्यांना ते मिळाले. ‘हड’ची कथा टेक्सासमधल्या एका गुरे पाळणाऱ्या कुटुंबाची आहे. दुसरा कॅमेरामन असता, तर त्याने आकाशात सुंदर ढग यावेत म्हणून वाट पाहिली असती. हौ यांनी भिंगावर खास काच लावून ढग नाहीसे केले. आकाश कोरे झाले. त्या कोऱ्या आकाशाखाली सपाट माळ आणि एकटी माणसे उठून दिसली. कथेतल्या माणसांच्या मनातला कोरडेपणा एकही शब्द न बोलता पडद्यावर आला. शोभेसाठी चित्र काढायचे नसते, कथेसाठी काढायचे असते, हे त्यांनी यातून दाखवून दिले.

१९५७ सालचा ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ हा चित्रपटही असाच. त्यात न्यूयॉर्क शहराच्या रात्री दिसतात. त्यातला एक बलाढ्य पत्रकार चष्मा घालतो. हौ यांनी त्याच्या डोक्यावरून असा उजेड पाडला, की चष्म्याच्या काड्यांची आणि कडांची सावली त्याच्या गालांवर पडे आणि चेहरा कवटीसारखा भासे. एक दिवा नेमक्या जागी ठेवला आणि माणसाचा स्वभाव उघड झाला.

उतारवयातही हौ थांबले नाहीत. त्यांनी विद्यापीठात तरुणांना छायाचित्रण शिकवले. १९७५ साली त्यांचा ‘फनी लेडी’ हा शेवटचा चित्रपट आला आणि त्यासाठीही ऑस्करकरिता त्यांचे नाव सुचवले गेले. १२ जुलै १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत गेलेले आडनाव जेम्स हौ यांना पुढे परत मिळाले. वर्षानुवर्षे पडद्यावर त्यांचे नाव नुसते जेम्स हौ असे येत असे. नंतर चित्रपट कंपनीनेच त्यात वाँग जोडले. कंपनीला त्यात नावीन्य दिसले असेल. पण त्यामुळे त्यांच्या घराण्याचे नाव पडद्यावर आले आणि तिथेच राहिले.

आज संध्याकाळी एक गोष्ट करून पाहा. घरात दिवा लागला, की आईच्या किंवा आजोबांच्या चेहऱ्याकडे नीट बघा. उजेड कोणत्या बाजूने पडतो आहे? सावली कुठे आहे? डोळ्यांत कशाचे प्रतिबिंब दिसते? थोडे सरकून पुन्हा बघा. तोच चेहरा तुम्हांला वेगळा दिसेल. पास्को गावातला तो मुलगा आयुष्यभर हेच करत राहिला. आणि पुढच्या वेळी चित्रपट पाहायला बसाल, तेव्हा नावे सरकत असताना बोलू नका. त्या गर्दीत कॅमेरामनचे नाव असते. तेवढे मात्र वाचा.